एकच डोंगर, एकच वणवा: निळ्या गळ्याचा हमिंगबर्ड

रानजाई

मागच्या आठवड्यात दुर्मीळ पक्ष्यांच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "साडेसातशे आहेत ना, मग तसे बरेच आहेत की." तो आकडा ज्या पक्ष्याचा होता तो मी प्रत्यक्ष पाहिलाय, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, पण तो लांबतच गेला, म्हणून हा वेगळा धागा.

माझी भाची इक्वाडोरमध्ये क्वेंका शहरात शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे महिनाभर राहिले, तेव्हा चार दिवस काढून दक्षिणेला गेलो. लोहा आणि एल ओरो या दोन प्रांतांच्या हद्दीवर सेरो दे आर्कोस नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थ कमानींचा डोंगर, आणि वर खरोखरच वाऱ्यापावसानं कोरलेले दगडी सुळके आणि कमानी आहेत. उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. दहा पावलं चाललं की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावलं. चहूकडे गुडघाभर पिवळट गवताचे झुबके. पाय टाकला की जमीन भिजल्या स्पंजासारखी दबते आणि बुटात पाणी येतं. या गवताळ उंच प्रदेशाला तिकडे पारामो म्हणतात.

त्या गवतात अधूनमधून कमरेइतकी झुडपं दिसतात. पानं बारीक, चिवट, टोकाला काटा. फूल नारिंगी, आणि बोंड थेट आपल्या करडईसारखं, खवल्याखवल्यांचं. कूळही करडईचंच. त्याला चुकिराग्वा म्हणतात. आमचा वाटाड्या त्या डोंगरावर गुरं राखतच मोठा झालेला. एका झुडपासमोर आम्हाला बसवून तो म्हणाला, आता हलू नका.

वीसेक मिनिटांनी तो आला. हमिंगबर्ड म्हटलं की हवेत थबकून रस पिणारा पक्षी डोळ्यांसमोर येतो. हा मात्र बसला. फुलाखालची काटेरी फांदी पायांनी घट्ट धरली, मान वाकवली आणि चोच बोंडात खुपसली. इतक्या विरळ हवेत पंख मारत एका जागी थांबणं फार महागात पडतं, म्हणून या गटातले पक्षी शक्य तिथे बसूनच पितात, आणि त्यांचे पायही इतर हमिंगबर्डांपेक्षा दणकट असतात. गळा तोवर काळपट वाटत होता. त्यानं मान वळवली, उन्हाचा कोन जुळला आणि गळा एकदम निळा पेटला. दौतीतल्या शाईचा निळा. त्याखाली काळी रेघ, मग पांढरं पोट. चोचीपासून शेपटीपर्यंत सगळा मिळून अकरा सेंटिमीटर.

शास्त्रीय नाव ओरिओट्रोकिलस सायनोलेमस. २०१७ सालापर्यंत हा पक्षी शास्त्राला ठाऊकच नव्हता. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सिस्को सोर्नोसा यांना इथे एक ओळखू न येणारा पक्षी दिसला आणि त्यांनी फोटो काढले. पुढच्याच महिन्यात ते हुआन फ्रेइले, योनास निल्सन, नील्स क्राबे यांच्यासोबत परत गेले आणि गळा निळा असलेला नर सापडला. एलिसा बोनाकोर्सो यांनी जनुकीय काम केलं. २०१८ मध्ये 'द ऑक' या नियतकालिकात ही नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच शोधनिबंधात लिहिलंय की राहण्याजोगा प्रदेश जेमतेम शंभरेक चौरस किलोमीटरचा आहे आणि पक्षी फार तर ७५०. जातीला नाव मिळालं त्याच पानावर तिला 'अतिसंकटग्रस्त' म्हणावं अशी शिफारसही झाली, आणि संकटातल्या जिवांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या लाल यादीनं ती मान्य केली.

आता मूळ मुद्दा. आपण लाल यादी वाचतो तेव्हा पक्षी किती उरले तेवढंच बघतो. या पक्ष्याचं दुखणं आकड्यात नाही, जागेत आहे. साडेसातशेचे हजार झाले तरी ते असणार त्याच एका डोंगररांगेवर. तिकडे गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून पारामो पेटवतात. कोरड्या वर्षी, वाऱ्याच्या दिवशी, एकच आग.

---

बयो

रानजाई ताई, फार सुंदर लिहिलंयत. करडईच्या बोंडाची उपमा वाचली आणि ते फूल डोळ्यांसमोर उभं राहिलं. एक शंका. आमच्या गॅलरीत जास्वंदीवर येतो तो काळा-जांभळा, बाकदार चोचीचा पक्षी, त्याला आमच्याकडे सगळे हमिंगबर्डच म्हणतात. तो याचा नातेवाईक ना?

रानजाई

नाही बयो, तो शिंजीर. सूर्यपक्षी म्हणा हवं तर. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत आहेत. दोघंही फुलातला रस पितात, म्हणून चोच आणि चमक सारखी वाटते, पण कुळं अगदी लांबची. खरं तर हमिंगबर्ड हे आपल्या पाकोळ्यांचे जवळचे. गंमत म्हणजे हमिंगबर्डाचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जर्मनीत सापडलेत, म्हणजे कधीकाळी ते जुन्या जगातही होते. आता नाहीत.

जर्सीकर

आमच्या अंगणात दर उन्हाळ्यात लाल गळ्याचे हमिंगबर्ड येतात. एक भाग साखर, चार भाग पाणी असं करून पाजण्या टांगतो. मुलगी रोज सकाळी पाजणी धुते. प्रश्न भाबडा वाटेल, पण विचारतो. वणव्यात झुडपं जळली तर त्या डोंगरावर अशा पाजण्या लावून पक्षी तगवता येणार नाहीत का?

रानजाई

भाबडा नाही, मीही वाटाड्याला हेच विचारलं होतं. किटोजवळ यानाकोचा नावाचं राखीव जंगल आहे, तिथे उंचावर अशा पाजण्या आहेत आणि हमिंगबर्ड त्यावर येतातही. पण साखरपाण्यावर पक्षी फार तर दिवस काढेल, पिल्लं वाढवणार नाही. पिल्लांना किडे लागतात, घरट्याला आडोसा लागतो. हा पक्षी घरटं बांधतो ते थेट कातळाच्या भिंतीला चिकटवून, वर कपार आलेली असेल अशा जागी. मी पाहिलं ते घरटं एका ओढ्याच्या वर होतं. हाताच्या मुठीपेक्षा मोठं, गवत-शेवाळ-पिसांचा जाड गोळा, आणि वरून पाणी ठिबकत असूनही आत कोरडं. मादी बसलेली होती. तिचा गळा निळा नसतो, करडा-पांढरा ठिपकेदार. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आम्ही लगेच मागे सरलो.

गवत, झुडूप, कातळ आणि ओढा असं चारही एकत्र असेल तिथेच तो आहे. त्यातलं एक काढलं की बाकीच्या तिघांचा उपयोग नाही.

घाटवाट

मी पाटण तालुक्यातला. वणव्याबद्दल राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे अजून पक्कं बोललं जातं, डोंगर पेटवला की पुढच्या पावसात गवत जोमानं येतं. लहानपणी आम्हीही पेटवायचो, कबूल करतो. पहिल्या वर्षी गवत हिरवंगार दिसतं हे खरंच आहे, म्हणून तर सवय सुटत नाही. जातं काय, ते दहा वर्षांनी कळतं. कारवी, करवंद, छोटी झुडपं, सड्यावरचे कंद कमी होत जातात आणि उरतं नुसतं गवत. तुमच्या त्या करडईसारख्या झुडपाचंही असंच होत असणार. एकदा जळलं की पुन्हा फुलायला किती वर्षं लागतात?

रानजाई

वर्षांचा नेमका आकडा मी देणार नाही. झुडूप लाकडी खोडाचं आणि वाढीला सावकाश आहे, आणि इतक्या उंचीवर थंडीमुळे सगळंच सावकाश वाढतं. गवत मात्र एका पावसात परत येतं. म्हणून जळून गेलेला उतार लांबून बरा झालेला दिसतो. वाटाड्यानं मला समोरासमोरचे दोन उतार दाखवले. एकावर नारिंगी ठिपके होते, दुसऱ्यावर नुसतं गवत. "तिकडं पक्षी नाही," एवढंच तो म्हणाला.

२०२४ च्या नोव्हेंबरात दक्षिण इक्वाडोर किती जळला ते बातम्यांत आलं होतं. आसुआय आणि लोहा दोन्ही प्रांतांत वणवे होते, क्वेंकाजवळच्या काखास राष्ट्रीय उद्यानातही आग शिरली. सरकारनं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्या दिवसांत भाचीचा फोन आला की माझा पहिला प्रश्न तोच असायचा, कमानींच्या डोंगराचं काय.

माणदेशी

लेख मनापासून आवडला. पण एक खटकलं ते लिहितो, राग मानू नका. आमच्याकडे माळढोक संपत आला. नान्नजच्या माळावर माझ्या वडिलांनी कळप पाहिलेत. आता एकेका पक्ष्यासाठी डोळे लावून बसावं लागतं. तोही लाल यादीत अतिसंकटग्रस्तच. घरचं असं असताना दहा हजार मैलांवरच्या बोटभर पक्ष्यासाठी आपण एवढं का लिहायचं? दुसरं, गुराख्याला दोष देणं सोपं असतं. माझं घर मेंढ्यांवर चाललंय. चरणारं जनावर म्हणजे वाईट, असं शहरातले लोक पटकन म्हणून टाकतात.

रानजाई

माणदेशी दादा, राग कसला, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

दुसऱ्याचं आधी. मी गुराख्याला दोष देत नाही. ज्यानं मला पक्षी दाखवला तो गुराखीच. त्या डोंगराखालच्या वस्त्यांचं दूध आणि चीज वरच्या गवतावरच चालतं. प्रश्न आहे पेटवण्याचा, आणि किती गुरं किती काळ वर ठेवायची याचा. तिथे राखीव जागा उभी राहिली आहे, होकोतोको फाउंडेशन या संस्थेनं केलेली, पण डोंगराचा बराचसा भाग लोकांच्या वापरातलाच आहे. त्यांना बाजूला सारून तिथे काही टिकणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्याचं उत्तर माझ्यापेक्षा लाल यादीचे निकषच चांगलं देतील. अतिसंकटग्रस्त ठरण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. एक वाट संख्येची: प्रौढ पक्षी पन्नासपेक्षा कमी, किंवा अडीचशेपेक्षा कमी आणि घटत चाललेले. दुसरी वाट जागेची: पसारा शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी, त्यात घट चालू, आणि 'ठिकाण' एकच. यातलं 'ठिकाण' म्हणजे गाव किंवा डोंगर नव्हे. एकाच संकटानं एका झटक्यात जेवढ्या जिवांना गाठता येईल तेवढा प्रदेश म्हणजे एक ठिकाण. ही व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. म्हणजे नकाशावर दहा सुळके असले तरी एक वणवा दहांवर पोचत असेल, तर ठिकाण एकच.

माळढोक संख्येत संपत आला. माळ मैलोन्मैल पसरलेले होते, त्यांत शेती शिरली, विजेच्या तारा आल्या, आणि पक्षी विरत गेला. हा छोटा पक्षी अजून विरलेला नाही. आहे तिथे तो रोज दिसतो. पण आहे तो तिथेच. दोघांच्या नावापुढे शब्द एकच लागतो, पण आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी लागणार. म्हणून लिहायचं. घरचा पक्षी सोडून नव्हे, घरच्या पक्ष्याचं दुखणं नीट ओळखता यावं म्हणून.

माणदेशी

'ठिकाण' चा अर्थ असा असतो हे माहीत नव्हतं. पटलं. आमच्या माळावर तारांचं एक जाळं म्हणजे एक ठिकाण असंच धरावं लागेल मग.

खानदेशी

या चर्चेत आमचा रानपिंगळा आल्याशिवाय राहणार नाही. मी शहाद्याचा. हा घुबडाचा प्रकार ११३ वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. १८८४ नंतरचा एकमेव नमुना १९१४ चा होता आणि तो मायनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाच्या नावावर. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले, तेव्हा उघड झालं की तो नमुना खानदेशात पक्षी जमवणाऱ्या डेव्हिडसन यांचाच, चोरून नवी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोधायची जागाच बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आमच्या भागात आले आणि रानपिंगळा सापडला.

रानजाई ताईंचा जागेचा मुद्दा मला इथे दिसतो. सुरुवातीला हाही अतिसंकटग्रस्त होता. मग तोरणमाळ, यावल, मेळघाट असं करत तो सापडत गेला, २०१४ मध्ये तर थेट तानसाच्या जंगलात. २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली, संकटग्रस्त गटात आणलं. त्याच काळात पक्षी वाढले असं काही नव्हे. ठिकाणं वाढली.

रानजाई

खानदेशी, तुम्ही नोव्हेंबर १९९७ म्हणालात आणि मी चमकले! त्याच महिन्यात इक्वाडोरच्या दक्षिणेत होकोतोको नावाचा पक्षी शास्त्राला पहिल्यांदा सापडला. रॉबर्ट रिजली आणि त्यांचे साथीदार तापिचालाका भागात होते, ओळखू न येणारा आवाज ऐकून ते मागे गेले आणि एवढा मोठा, टपोरा पक्षी समोर आला. त्या आवाजावरूनच स्थानिक लोक त्याला होकोतोको म्हणतात. तो जिथे राहतो ती जमीन विकत घेऊन राखायची म्हणून १९९८ मध्ये संस्था काढली, तीच ही होकोतोको फाउंडेशन. वीस वर्षांनी निळ्या गळ्याच्या पक्ष्यासाठीही तीच पुढे आली.

मात्र रानपिंगळ्याला सातपुड्यात आणि तानसात आणखी ठिकाणं मिळाली, तशी याला मिळतील असं वाटत नाही. पारामो हा डोंगरमाथ्यावरचा प्रदेश, बेटासारखा. खाली दरीत उतरलं की हवा आणि झाडं बदलतात, आणि हा पक्षी दरी ओलांडून पलीकडच्या माथ्यावर जात नाही. त्याचे जवळचे भाऊबंद उत्तरेला चिंबोराझो ज्वालामुखीच्या बाजूला आणि समोरच्या रांगेत आहेत. मध्ये दऱ्या. त्या एकटेपणामुळेच तर त्याचा गळा निळा झाला. पुढे हवा तापत गेली की झाडं वर सरकतील, आणि याच्या डोंगराला वर जागाच नाही.

भूगर्भ

मी भूशास्त्राचा माणूस, तीस वर्षं खाणींवर काढली. रानजाईंनी वणव्यावर भर दिलाय, पण शोधनिबंधात सोन्याच्या खाणींचाही उल्लेख आहे, तो इथे सुटायला नको. 'एल ओरो' या नावाचाच अर्थ सोनं. त्या प्रांतातल्या सारुमा आणि पोर्तोवेलो या गावांचा इतिहास सोन्याच्या खाणींचाच आहे. पक्ष्याच्या रांगेतच फिएरो उर्कु नावाचा भाग आहे. तिथे खाणकामाचे परवाने दिलेले आहेत आणि खालच्या लोकांचा, विशेषतः सारागुरो समाजाचा, त्याला विरोध आहे.

अनेकांना वाटतं की भोक पाडून नमुने काढले तर कुठे काय बिघडतं. पारामोच्या मातीत बिघडतं. ती माती काळी, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली, आणि भरपूर पाणी धरून ठेवते. ओढे बाराही महिने वाहतात ते तिच्यामुळे. एकदा रस्ता कापला, चर खणला की माती सुकते, आणि सुकलेली ही माती पुन्हा पूर्वीइतकं पाणी धरत नाही. खडकात गंधकाची खनिजं असतील तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं आणि ते थेट ओढ्यात जातं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, वेगळ्या देशातल्या खाणीवर स्वतः पाहिलंय. ओढ्याचा तळ नारिंगी झाला होता आणि त्यात एक बेडूक उरला नव्हता.

कुळागर

भूगर्भ काकांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला. मी डिचोलीची. आमच्या कुळागरात वरच्या झऱ्याचं पाणी पाटानं यायचं, आजोबांच्या आधीपासून. डोंगरावर खाण खोल गेली आणि झरा आटला. दोन उन्हाळ्यांत माड आणि पोफळी वाळल्या. खाणवाल्यांनी टँकर पाठवले काही दिवस. पाटात पाणी वाहण्याचा आवाज बंद झाला तो दिवस आई अजून तारखेसकट सांगते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणी थांबवल्या, तेव्हा कित्येकांचे ट्रक दारात उभे राहिले, घरं अडचणीत आली, तेही आम्ही शेजारीच पाहिलं. म्हणून विचारते, तिकडच्या लोकांना खाण नकोच आहे, की तिथेही दोन तट आहेत?

रानजाई

कुळागर, तुमच्या आईंचं वाक्य मी विसरणार नाही.

दोन तट आहेतच, रोजगार तिथेही हवाच आहे. पण पाण्याच्या प्रश्नावर लोक उभे राहतात. भाचीच्या क्वेंका शहरात फेब्रुवारी २०२१ मध्ये सार्वमत झालं. शहराला पाणी देणाऱ्या नद्यांच्या उगमाजवळ मोठं खाणकाम नको, या बाजूनं सुमारे ८० टक्के मतं पडली. इक्वाडोरच्या २००८ च्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिलेले आहेत, आणि त्याच्या आधारानं २०२१ च्या शेवटी तिथल्या घटना न्यायालयानं लोस सेद्रोस नावाच्या जंगलातलं खाणकाम थांबवलं. किटो शहर तर २००० सालापासून पाण्याचा वेगळा निधी चालवतं आणि त्यातून वरचे पारामो राखतात. नळाचं पाणी कुठून येतं हे क्वेंकातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं, भाचीच्या वर्गात बसून मी स्वतः ऐकलंय.

मला वाटतं या पक्ष्याला वाचवील तर हेच वाचवील. त्याच्यासाठी म्हणून कुणी डोंगर राखणार नाही, पाण्यासाठी राखतील.

बयो

ताई, मला याउलट वाटतं. पाण्यासाठी राखायचं म्हटलं तर उद्या कुणी धरण बांधून देतो म्हणेल, पाइप टाकून देतो म्हणेल. मग डोंगराचं काम संपलं. निळ्या गळ्याचा पक्षी मात्र पाइपनं आणता येत नाही. किटोनं काळ्या छातीच्या एका हमिंगबर्डाला शहराचं मानचिन्ह केलंय असं मी मागे वाचलं होतं. तसं काहीतरी पक्ष्याच्याच नावानं हवं.

रानजाई

हो, २००५ मध्ये केलंय, पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावरचा तो पक्षी. बयो, तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी 'त्याच्यासाठी म्हणून कुणी राखणार नाही' असं लिहिलं ते मागे घेते. होकोतोको पक्ष्यासाठी म्हणूनच लोकांनी जमीन घेतली होती, मीच वर लिहिलंय.

घाटवाट

अवांतर, पण याला मराठी नाव हवं. इंग्रजीत या गटाला डोंगरतारे अशा अर्थाचं नाव आहे ना? मग 'नीलकंठ गिरितारा' कसं वाटतं?

खानदेशी

गिरितारा फारच छान. नीलकंठ नको, तो आपल्याकडे चास पक्षी. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात. घोटाळा होईल.

माणदेशी

निळागळा गिरितारा. मेंढरांची नावं आम्ही अशीच ठेवतो, जे दिसतं ते. लांबून हाक मारता येते.

रानजाई

निळागळा गिरितारा. ठरलं, माझ्या वहीत आजपासून हेच नाव.

जर्सीकर

मुलीला सगळा धागा वाचून दाखवला. तिचा एकच प्रश्न आहे, तो तसाच लिहितो. एवढ्या थंडीत तो रात्री कुठे असतो?

रानजाई

तिला सांगा, कातळात.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही कमानींखाली होतो. धुकं वर चढत होतं आणि हाताची बोटं वळेनाशी झाली होती. हमिंगबर्डाला दिवसभर दर थोड्या वेळानं रस लागतो, रात्रभर उपाशी राहून अंग गरम ठेवणं त्याला झेपणारच नाही. म्हणून उंचावरचे हमिंगबर्ड रात्री अंग गार पडू देतात, हृदयाचे ठोकेही अगदी मंद होतात. २०२० मध्ये पेरूतल्या अभ्यासात ३८०० मीटर उंचीवरच्या एका काळ्या हमिंगबर्डाचं तापमान रात्री साधारण ३.३ अंशांपर्यंत उतरलेलं मोजलं होतं. आपल्या फ्रीजमधलं दूध असतं तेवढं गार. पहाटे अंग थरथरवून तो पुन्हा गरम होतो आणि उडतो. म्हणून रात्रीची जागा वाऱ्यापासून, दवापासून आडोशाची लागते.

वाटाड्यानं बोट दाखवलं तिथे कमानीच्या आतल्या बाजूला हातभर खोल फट होती. शेवटच्या उजेडात एक मादी आली, फटीच्या तोंडाशी क्षणभर कातळाला चिकटून राहिली आणि आत गेली. नर दिसला नाही, त्या दिवशी तरी. आम्ही विजेरी न लावता खाली उतरलो.